न लागलेलं दही

त्या सकाळी आमच्या चुलीच्या उबेला दोन गंज शेजारी शेजारी ठेवलेले होते. दोन्हींत आदल्या संध्याकाळचं दूध, दोन्हींत एकाच वाटीतलं विरजण, दोन्हींवर सारखीच ताटली. पहिल्यातलं दही असं लागलं होतं की गंज तिरपा केला तरी हललं नाही. दुसऱ्यातलं दूध दूधच होतं. बोट बुडवून पाहिलं, तर बोटावरून पाण्यासारखं ओघळलं. आंबट वास नाही, नासल्याचाही नाही. जसं झाकलं होतं तसंच.

दुसरा गंज नव्या म्हशीचा होता. आणि त्याच म्हशीचं लिटरभर दूध, दुसऱ्या कशात न मिसळता, मी आदल्या संध्याकाळी गुरुजींच्या घरी देऊन आले होते.

ज्यानं दुधाचा धंदा केला नाही, त्याला यात घाबरण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. म्हणून आधी ते सांगते.

चार वर्षांपूर्वी माझ्या जुन्या म्हशीला दगडी झाली होती. दगडी म्हणजे कासेत जंतू शिरतात, कास सुजते, हाताला दगडासारखी लागते आणि दुधात गाठी येतात. गुरांच्या डॉक्टरांनी सडाच्या तोंडातून दवेची ट्यूब सोडली आणि दूध फेकायला सांगितलं. फेकायचं म्हटल्यावर माझा जीव तुटला. मी म्हटलं, उकळून घेतलं तर? ते हसले.

"उकळून जंतू मरतात, दवा मरत नाई. अन् दवेले कासंतला जंतू कोनता अन् दह्यातला कोनता हे कळत नाई. दही लावतं म्हंजे तू जंतूच टाकतं ना दुधात? ते बी मरतात. दही नाई लागलं त समज, दुधात दवा हाये."

"अन् लागलं त?"

"लागलं म्हनून सारी निंघाली असं समजू नोको. मी सांगतो तितके दिवस फेकाचंच. अन् पेनिसिलिन ज्याले चालत नाई त्याले थेंबही देऊ नोको, बाई."

पेनिसिलिन न चालणारा एक माणूस साऱ्या आसेगावला ठाऊक होता. गुरुजींना शाळेतून निवृत्त होऊन बराच काळ झाला. फार पूर्वी कुंपणाची गंजकी तार पायात शिरली म्हणून त्यांना दवाखान्यात सुई दिली. सुई निघायच्या आत त्यांचं तोंड सुजलं, श्वास अडकला, आणि ते टेबलावरून खाली आले. कसे वाचले ते त्यांनाही सांगता येत नाही. तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक कार्ड असतं. त्यावर लाल शाईनं लिहिलेलं आहे, ‘पेनिसिलिन देऊ नये’. कार्ड ते सगळ्यांना दाखवतात. दाढी करायला बसले की न्हाव्यालाही. न्हावी म्हणतो, "गुर्जी, मी वस्तरा लावतो, सुई नाई."

मग त्यांनाच पहिलं दूध का? त्याला कारण आहे. मी धंदा सुरू केला तेव्हा माझ्याकडे एक म्हैस आणि उसना डबा होता. आमची वस्ती विहाराच्या मागे. गावात दूध घेऊन फिरले की लोक डब्यात डोकावून म्हणायचे, "दूध चांगलं हाये, पन..." आणि पुढचं बोलायचे नाहीत. पुढचं मला ठाऊक होतं, त्यांनाही होतं. नववा की दहावा दिवस असेल, गुरुजी स्वतः पितळी लोटा घेऊन आमच्या वस्तीत आले. माझ्या अंगणात उभे राहिले आणि काढलेलं दूध तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर प्याले. मिशीला लागलेला फेस पुसला नाही, तसेच परत गेले. त्या आठवड्यात तीन घरं लागली. तेव्हापासून माझा एक नियम आहे. घरात नवी म्हैस आली की तिचं पहिलं दूध, कशातही न मिसळता, गुरुजींच्या घरी. लोक देवाला दाखवतात, मी त्यांना देते.

आजवर हा नियम पाळताना मला अभिमानच वाटत आला होता.

लोकांच्या त्या ‘पण’मुळे मला स्वच्छतेचं वेड लागलं, हेही खरं. कास गरम पाण्यानं धुवायची, मग पोटॅशच्या गुलाबी पाण्यानं. प्रत्येक म्हशीचं फडकं वेगळं, रोज उकळलेलं. माझे हात कोपरापर्यंत साबणानं, नखं कापलेली. दूध काढून झालं की सड आयोडीनमध्ये बुडवायचे, कारण तेव्हा सडाचं तोंड उघडं असतं. आमच्या वस्तीतल्या बाया मला ‘दवाखाना’ म्हणतात. म्हणोत. माझ्या दुधात कोणी काडी दाखवून द्यावी.

पण ती म्हैस मी आणली होती बाजारातून, आणि तिच्या कासेत काय आहे ते मला धुऊन दिसणार नव्हतं.

आदल्या दिवशी सकाळी गुरांच्या बाजारात मी ती घेतली. तिथं भाव तोंडानं होत नाही. रुमालाखाली हात घालून बोटांनी होतो. व्यापारी आणि गिऱ्हाईक एकमेकांची बोटं दाबतात, शेजारच्याला कळत नाही. बाईचा हात रुमालाखाली कोण घेणार? त्यामुळे माझ्याशी व्यापाऱ्यांना मोठ्यानं भाव करावा लागतो, आणि माझं निम्मं काम तिथंच होतं. चारचौघांत बोललेला आकडा माणसाला मागे घेता येत नाही.

हा व्यापारी जुना होता. तो म्हणाला, "बाई, भाव असा तोंडानं करत नाईत."

"मंग माया हात धरतं का चारचौघात?"

भोवतीचे हसले. तो चिडला आणि चिडलेला माणूस घाईत बोलतो. मी त्याला खाली आणत गेले. म्हशीचे दात पाहिले, चालवून पाहिली, शिंगाला खोट काढली, पारडू मरतुकडं आहे म्हटलं. शेवटी त्यानं हात झटकले.

"घेऊन जा. पन या भावात म्हैस मुकी भेटंल. बोलकी पाह्यजे असंल त वर चढा."

मला वाटलं, हरलेला माणूस बोलतोय. मी म्हटलं, "मले दूध पाह्यजे, भाषन नाई." पुन्हा सगळे हसले. मी पावती घेतली, म्हैस गाडीत चढवली आणि सगळा रस्ता स्वतःवर खूश होते. तिचे सड ओले, चमकत होते हे मी पाहिलं होतं. म्हटलं, बाजारात आणण्याआधी धुतली असेल.

आता दुसरा गंज हातात घेऊन मला ते ओले सड दिसत होते, ट्यूब सोडून नुकतेच पुसल्यासारखे, आणि मुकी म्हणजे खोट न सांगता विकलेली, हे कळत होतं.

घरधनी चहा मांडत होते. मी गंज त्यांच्यासमोर धरला. ते म्हणाले, "इरजन मेलं असंल."

"एकाच वाटीतलं इरजन एका गंजात जितं अन् एकात मेलं?"

मी गोठ्यात गेले, नव्या म्हशीच्या कासेला हात लावला. तीन बाजू मऊ होत्या. मागची डावी गरम, आतून टणक; काल संध्याकाळी धुताना तीही मऊच लागली होती. चार धारा काळ्या ताटलीत काढल्या. कण्या दिसल्या, रव्यासारख्या. पारडू त्याच सडाला तोंड लावायला धडपडत होतं, त्याला ओढून बांधलं.

परत आले तर ते म्हणाले, "पाह्य, म्हतारा पेला असंल कालच. पचलंही असंल. तू कायले जाऊन सांगतं? उद्या गावात एक घर दूध घेनार नाई."

मी त्यांना काय बोलले ते लिहीत नाही. पण खरं सांगायचं तर चिडले ते यासाठी, की त्यांनी बोलून दाखवलं ते माझ्या मनात आधीच येऊन गेलं होतं.

आमच्या घरापासून गुरुजींचं घर दोन गल्ल्या. त्या दोन गल्ल्यांत मी स्वतःशी जितका भाव केला तितका बाजारात कधी केला नाही. सगळं सांगायचं? की दूध खराब निघालं, फेकून द्या, एवढंच? की म्हणायचं, चुकून पाणी पडलं? पाण्याचा आरोप मी आयुष्यात सोसला नाही आणि आता तो स्वतःहून घ्यायला तयार होते, कारण तो स्वस्त होता. मग डोळ्यांपुढे त्यांचं सुजलेलं तोंड यायचं, जे मी प्रत्यक्षात कधी पाहिलं नव्हतं. पायात चप्पल नाही हे मला त्यांच्या फाटकाशी आल्यावर कळलं.

गुरुजी अंगणात खुर्चीवर बसले होते. जिवंत होते. मला एवढा हलकेपणा आला की मी फाटकाला टेकले. मग त्यांचे हात दिसले. कोपरापासून मनगटापर्यंत गांध्या उठल्या होत्या, लाल, फुगलेल्या. मानेवरही होत्या.

"ये पोरी. आज बिगर डब्याची?" ते म्हणाले. "रातभर आंग खाजवून राह्यलो. पहाटे दवाखान्यात जाऊन आलो. त्या पोरीनं गोया देल्ल्या. इचारत होती, नवीन काय खाल्लं. म्या म्हनलं, या वयात नवीन काय खातो मानूस?"

आतून त्यांच्या सुनेचा आवाज आला. "मामाजी, गोयी उपाशीपोटी घेऊ नोका. दूध गरम केलं, दुधासंगं घ्या."

सून माझ्याच वयाची आहे. मी तिला वहिनी म्हणते. इतक्या वर्षांत तिनं माझ्या हातात भांडं दिलेलं नाही. ते ओट्यावर ठेवते, मी वरून ओतते, मी दोन पावलं मागे सरकले की ती उचलते. त्या घरात ओट्याच्या पलीकडे मी कधी गेले नव्हते. त्या सकाळी मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि तिच्या हातातला गिलास काढून घेतला. गिलास कढत होता. दूध माझ्या हातावर सांडलं.

"अवं, काय करून राह्यल्या तुमी?" ती मागे सरकली.

"हे कालचंच ना? म्या आनलेलं?"

"मंग कोनाचं असंल?"

"देऊ नोका. यात जनावराची दवा हाये."

मी गिलास मोरीत ओतला, पातेलंही ओतलं, मग बाहेर येऊन गुरुजींसमोर सगळं सांगितलं. दोन गंज, कण्या, ओले सड, मुकी म्हैस. मध्ये थांबले असते तर पुढचं राहिलं असतं, म्हणून थांबले नाही.

गुरुजींनी ऐकून घेतलं. खिशातून कार्ड काढलं, उलटंपालटं केलं. म्हणाले, "म्हशीले दाखवाचं राहून गेलं."

सुनेला हसू आलं नाही. मलाही नाही. ती म्हणाली, "मले वाटलंच होतं. रातच्याले म्या बी वाटीभर दही लावलं होतं याचं, सकाळी पाह्यलं त पानी. म्या म्हनलं, बाईनं भावाच्या नादात पावडरचं दूध आनून घातलं."

हे तिनं मला सकाळीच येऊन विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा भांडायला वेळ नव्हता. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. गुरुजी चालत येतो म्हणत होते, मी ऑटो थांबवला.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिनं गुरुजींचे ओठ, जीभ, घसा पाहिला, छातीला नळी लावली. मग मला विचारलं, "कुठली ट्यूब लावली होती? त्यात पेनिसिलिन होतं का? दरवेळी तेच असतं असं नाही. नाव कळलं तर मला पुढचं ठरवायला बरं पडेल. नाही कळलं, तर होतं असंच धरून चालू."

"मोठी रिअॅक्शन येईन का?" सुनेनं विचारलं.

"ती बहुतेक लगेच येते. पण त्यांचा इतिहास वाईट आहे. मी त्यांना दुपारपर्यंत इथं बसवून ठेवते. तुम्ही नाव मिळवा."

कमरेच्या पिशवीत कालची पावती होती, तिच्या मागे व्यापाऱ्याचा नंबर. मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला आणि पहिली चूक तिथं केली. त्यानं ‘बोला’ म्हणायच्या आत मी त्याला चोर म्हटलं, त्याच्या सात पिढ्यांना म्हटलं, म्हैस त्याच्या दारात आणून बांधते म्हटलं. त्यानं फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, बंद.

माझ्या रागानं मला आयुष्यात बरंच मिळवून दिलं आहे. पण त्या वेळी मी व्हरांड्यातून आत पाहिलं, तर गुरुजी बाकावर बसून गळ्यापाशी खाजवत होते, आणि मला वाटलं की ज्या दाराची किल्ली एकाच माणसाकडे होती त्याच्या तोंडावर मीच दार आपटलं.

सून माझ्या शेजारी येऊन उभी होती. तिनं तिचा फोन माझ्यापुढे धरला. "यावरून लावा. अन् हळू बोला."

अनोळखी नंबर म्हणून त्यानं उचलला. मी हळू बोलले.

"भाऊ, मी मघाचीच. ठेवू नोका. मले भांडाचं नाई, दवेचं इचाराचं हाये."

"कोनती दवा? म्या काई दवा नाई लावली."

"म्हैस परत आनत नाई. पैसे मांगत नाई. फकस्त ट्यूबचं नाव सांगा."

"तुमी रेकॉर्डिंग करून राह्यल्या."

"नाई करत. एक म्हतारा मानूस दवाखान्यात बसला हाये. त्याले पेनिसिलिन चालत नाई. डॉक्टर नाव मांगून राह्यली."

मागे मोटारसायकलचा आवाज येत होता. मला कळत होतं की तो मोजतोय. मीही तेच केलं असतं. म्हणून मी त्याला आणखी दिलं, त्यानं मागायच्या आत.

"बाजारात तोंड उघडनार नाई. कोनाले सांगनार नाई, कोनाची म्हैस होती म्हनून."

"माया नाव कोठंच आलं नाई पाह्यजे."

"नाई येनार."

"शब्द?"

"शब्द."

"मंग पोलिसात, पेपरात..."

"भाऊ, शब्द म्हनलं ना. एका मानसाचा जीव हाये."

"थांबा," तो म्हणाला. "खोकं डिक्कीत हाये, पाहून सांगतो."

तो अडखळत अक्षरं वाचू लागला. मी फोन डॉक्टरच्या कानाजवळ नेला. तिनं दोनदा वाचायला लावलं, मान हलवली. म्हणाली, "हो, त्यात पेनिसिलिन आहे." तिनं आत जाऊन सुई भरली. गुरुजींनी सवयीनं कार्ड पुढे केलं. ती म्हणाली, "वाचलं, गुरुजी. ही वेगळी आहे."

मी इतक्या वर्षांत असा सौदा केला नव्हता. म्हैस त्याची नव्हती राहिली, पैसे माझे गेले होते, चूक त्याची होती, आणि वर शब्द मी देऊन बसले. बदल्यात मिळालं एक नाव, तेही मला नीट उच्चारता येत नाही. पण त्या घडीला मी याहून जास्त दिलं असतं. त्यानं मागितलं नाही, हे त्याचं नशीब.

दुपारपर्यंत मी बाकासमोर बसून होते. गुरुजींच्या ओठांकडे पाहत होते. जरा जाड वाटले की डॉक्टरला हाक मारायची, ती यायची, पाहायची, काही नाही म्हणायची. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काकू, त्यांचे ओठ मुळातच तसे आहेत."

गुरुजी म्हणाले, "काहून अशी टकमक पाह्यतं माया तोंडाकडं? मी काय टीव्ही हाये?"

मला रडू येत होतं आणि मी रडत नाही, म्हणून मी सुनेसाठी चहा आणायला बाहेर गेले. तिनं कप माझ्या हातातून घेतला. तेव्हा तिच्याही ते लक्षात आलं नसावं.

संध्याकाळी गांध्या बसल्या. डॉक्टर म्हणाली की हे दुधामुळंच झालं असं ती छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण या माणसाच्या बाबतीत तिला खात्री करून बघायची नाही. मलाही नव्हती.

गुरांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. नव्या म्हशीला दगडीच होती. अर्धवट ट्यूब सोडून बाजारापुरती दाबली होती, म्हणाले. त्यांनी पुरं औषध सुरू केलं आणि दूध किती दिवस फेकायचं ते सांगितलं. मी खड्डा खणून त्यात ओतत होते, पारडालाही जुन्या म्हशीचं देत होते. रोज त्यातलं वाटीभर बाजूला काढून विरजण लावायचे आणि सकाळी उठल्या उठल्या आधी त्याची ताटली उचलायचे. आठ दिवस पाणी. मग एक दिवस कडेनं धरलं, मध्ये पातळ. मग पुरतं लागलं. तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत आणि वर आणखी चार दिवस मी ते खड्ड्यातच ओतलं.

दरम्यान मी घरोघरी जाऊन सांगितलं. दुसरं कोणी सांगण्याआधी आपण सांगावं, हा हिशोब होता, पुण्य नव्हतं. म्हटलं, तुमच्या घरी ते दूध आलं नाही, पण नव्या म्हशीच्या दुधात दवा निघाली, गुर्जींना त्रास झाला. सगळ्यांनी एकच विचारलं, "कोनत्या व्यापाऱ्याची म्हैस?"

मी गप्प.

"नाव सांगा ना."

मी गप्प. आता माणूस नाव सांगत नाही म्हणजे लोक काय समजणार? दोन घरं बंद झाली. कानावर यायला वेळ लागला नाही. ‘दवा हिनंच लावली असंल, आता व्यापाऱ्यावर ढकलून राह्यली.’ कोणी म्हणालं, "ते आयोडीन, ते गुलाबी पानी, सारं दुधातच जात असंल." ज्या स्वच्छतेवर मी उभी होते, तीच पुरावा म्हणून माझ्यापुढे आली.

माझं घर सोडून गावात खरं ठाऊक असलेली माणसं दोन. गुरुजी आणि त्यांची सून. मी गुरुजींना म्हटलं, तुमी तरी सांगा. ते म्हणाले, "तुनं माया जिवासाठी शब्द देल्ला. तो मीच मोडला त मी कोन?" त्यांचं मला पटलं. पटलं म्हणून बरं वाटलं असं नाही.

सुनेला मी विहिरीपाशी गाठलं. म्हटलं, "वहिनी, शब्द माया होता, तुमचा नोता. तुमच्या फोनवरून बोलले मी. तुमी ऐकलं सारं."

ती घागर भरत राहिली. मग म्हणाली, "मी कायले त्यात पडू, बाई?"

घागर उचलून ती गेली. हे माझ्या मनात अजून आहे. व्यापारी बाजारात भेटतो. लांबूनच हसतो, म्हणतो, "या बाई, आज बोलकी हाये एक." मी पुढे निघून जाते, आणि पुढे गेल्यावर दातावर दात धरून उभी राहते. त्याच्यावरचा राग मला समजतो, तो धंद्याचा आहे. सुनेवरचा राग समजत नाही, म्हणून तो जात नाही. इथंही मी नाव लिहिलेलं नाही. शब्द शब्द असतो, समोरचा कसाही असो.

गुरुजी अजून माझंच दूध घेतात, जुन्या म्हशीचं. सुनेनं नाही म्हटलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. मग तिनं एक अट घातली. संध्याकाळच्या दुधातलं वाटीभर ती विरजण लावून ठेवते. सकाळी ते लागलं असेल तरच आदल्या दिवसाचं दूध गुरुजींना देते. दही लागलं म्हणजे सगळं ठीक असं नसतं हे मी तिला सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुमी काय ते पाहा, मी वाटी पाह्यतो."

रोज सकाळी मी डबा घेऊन जाते. भांडं ओट्यावर ठेवलेलं असतं, अजूनही. मी नेहमीसारखं वरून ओतते, दोन पावलं मागे सरकते. ती माझ्यादेखत आतून वाटी आणते. माझ्या दुधाची अशी रोज तपासणी होते, चारचौघांना दिसेल अशी, आणि माझं डोकं तापतं. एखाद्या दिवशी वाटेल ते बोलून निघून जावं असं वाटतं.

पण तिनं ताटली उचलून वाटी तिरपी करेपर्यंत माझा पाय तिथून हलत नाही. गुरुजीही खुर्चीवरून मान वळवून पाहतात. दही हललं नाही की ती आत जाते, गॅस पेटवल्याचा आवाज येतो. मग मी पुढच्या घरी निघते.